खेडगावच्या ऐंशी जागा

‘नवोदयला लागला’ एवढे दोनच शब्द आमच्या निफाड-दिंडोरीच्या पट्ट्यात पुरेसे असतात. किती गुण पडले, पुढे काय करणार, हे मग कोणी विचारत नाही. पेढे वाटले जातात, शाळेच्या फळ्यावर नाव झळकते आणि पुढची दोन-तीन वर्षे गल्लीतल्या इतर पोरांना त्या मुलाचे उदाहरण ऐकावे लागते. मी महाविद्यालयासाठी नाशकात आले तेव्हा इथल्या माझ्या वर्गमैत्रिणींपैकी निम्म्याजणींना नवोदय म्हणजे काय हेच ठाऊक नाही, याचे मला नवल वाटले. एकीने ‘आश्रमशाळा ना ती?’ असे विचारले. दुसरीला ते एखाद्या खाजगी क्लासचे नाव वाटले. यात त्यांचा दोष नाही. ही शाळा प्रामुख्याने शहरासाठी काढलेलीच नाही. म्हणून तिच्याविषयी येथे चार गोष्टी सांगाव्यात असे मनात आले. त्या सांगता सांगता ‘हुशार’ या शब्दाविषयीही थोडे बोलता येईल, आणि तो विषय कला शाखेत शिकणाऱ्या आपल्यासारख्यांच्या जिव्हाळ्याचा आहे.

जवाहर नवोदय विद्यालय ही केंद्र सरकारची निवासी शाळा. जिल्ह्याला एक असे सर्वसाधारण सूत्र असून देशभरात अशी साडेसहाशेहून अधिक विद्यालये आहेत. नाशिक जिल्ह्याचे विद्यालय दिंडोरी तालुक्यात खेडगाव येथे, द्राक्षबागांच्या मुलखात आहे. सहावी ते बारावीचे वर्ग, केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाचा अभ्यासक्रम, आणि राहणे, जेवण, गणवेश, पुस्तके हे सारे सरकारकडून. नववीपासून मुलांकडून दरमहा ६०० रुपये विकास निधी घेतात. मुलींना, अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना तोही माफ असतो. सहावीत दरवर्षी फक्त ८० मुले घेतली जातात. त्यांत किमान ७५ टक्के ग्रामीण भागातील आणि किमान एक-तृतीयांश मुली असाव्यात असा नियम आहे. ‘ग्रामीण’ याचा अर्थही काटेकोर आहे. ज्याने तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षे पुरती खेड्यातल्या शाळेत काढली तो ग्रामीण. मामाच्या गावचा पत्ता देऊन भागत नाही.

आता थोडा हिशेब करू. नाशिक जिल्ह्यात १५ तालुके आहेत आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे ६१ लाख. म्हणजे सरासरीने एका तालुक्याच्या वाट्याला वर्षाला पाच-सहा जागा. पेढे का वाटतात ते यावरून कळेल.

ही कल्पना आली कोठून? हुशार मुले वेचून त्यांना वेगळे शिकवावे, हा विचार महाराष्ट्राला नवीन नव्हता. पुण्यात डॉ. वि. वि. तथा आप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये ज्ञान प्रबोधिनी सुरू केली आणि १९६९ मध्ये तिची स्वतंत्र प्रशाला निघाली. तेथील प्रवेशासाठी बुद्धीच्या अनेक अंगांची चाचणी घेण्याची पद्धत बसवली गेली. तिच्यामागे गिलफर्ड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची मांडणी होती. पण ती शाळा संस्थेची आणि शहरातली. खेड्यातल्या मुलांसाठी महाराष्ट्र शासनाने १९६० च्या दशकात शासकीय विद्यानिकेतने काढली, त्यांतले साताऱ्याकडील पुसेगावचे विद्यानिकेतन अनेकांना ऐकून माहीत असेल. पुढे १९८५-८६ साली केंद्राने प्रयोगादाखल दोन नवोदय विद्यालये उघडली, त्यांतले एक हरियाणात झज्जर येथे आणि दुसरे आपल्या अमरावतीत. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने या योजनेवर शिक्कामोर्तब केले. त्या वेळी राजीव गांधी पंतप्रधान होते आणि मनुष्यबळ विकास खाते पी. व्ही. नरसिंह राव यांच्याकडे होते. आंध्रचे मुख्यमंत्री असताना १९७१ मध्ये त्यांच्याच काळात सर्वेल येथे खेड्यातल्या हुशार मुलांसाठी निवासी शाळा निघाली होती. नवोदयामागे तो अनुभव होता. जाता जाता सांगायला हरकत नाही की, याच नरसिंह रावांनी हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’ या कादंबरीचे तेलुगूत भाषांतर केले आहे. मराठी विभागातील मंडळींना ही ओळख अधिक जवळची वाटेल.

आता मुख्य गोष्ट म्हणजे परीक्षा. मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेतून पाचवीत असताना या परीक्षेला बसले होते. यादीत माझे नाव आले नाही. दोन वर्षांनी माझ्या मावसभावाचे आले. त्यामुळे या परीक्षेचे दोन्ही अंगांनी निरीक्षण करण्याचा योग मला आला. पेपर दोन तासांचा, ८० प्रश्न, १०० गुण. त्यांतले निम्मे म्हणजे ४० प्रश्न मानसिक क्षमतेचे, २० अंकगणिताचे आणि २० भाषेचे. बहुपर्यायी उत्तरांतून एक निवडून उत्तरपत्रिकेवरचा गोल काळा करायचा. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत.

मानसिक क्षमतेचे प्रश्न सगळे आकृत्यांचे असतात. चार आकृत्यांतली वेगळी कोणती? ही आकृती आरशात कशी दिसेल? कागदाची घडी घालून भोक पाडले, घडी उघडल्यावर भोके कोठे कोठे दिसतील? अर्धवट नक्षी कोणत्या तुकड्याने पुरी होईल? यात वाचायचे जवळजवळ काहीच नसते आणि त्यामागे विचार आहे. ज्याच्या घरी पुस्तक नाही, वर्तमानपत्र नाही, ज्याचे आईवडील दुसऱ्याच्या बागेत छाटणीला जातात, त्या मुलाला शब्दांनी अडवू नये. घडीचा कागद सगळ्यांच्या हातात सारखाच उलगडतो, अशी त्यामागची समजूत. ती बरीचशी खरी आहे. परंतु पुरती खरी नाही; कारण असे प्रश्न सरावाने सुटतात. आमचे गुरुजी हिवाळ्यात सकाळी सातला जादा तास घेत आणि पहिल्या दिवशी ज्या आकृत्यांकडे आम्ही आ वासून पाहत होतो त्या महिनाभरात झरझर सोडवू लागलो होतो. ज्या शाळेत असे गुरुजी नाहीत तेथील मुलाची घडी त्याच वेगाने कशी उलगडणार? आता तर पिंपळगाव, निफाड, सटाणा अशा ठिकाणी नवोदयचे खाजगी वर्ग चालतात. जी परीक्षा शिकवणी न लागणाऱ्या मुलाला शोधण्यासाठी काढली, तिचीच शिकवणी निघाली.

बुद्धी मोजण्याच्या या उद्योगाचा इतिहास मोठा गमतीदार आहे. पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि सिमों या दोघांनी १९०५ मध्ये पहिली बुद्धिमापन चाचणी तयार केली ती हुशार मुले वेचण्यासाठी नव्हे. वर्गात मागे पडणाऱ्या ज्या मुलांना जास्त मदत हवी ती ओळखावीत, हा तिचा हेतू. ती अमेरिकेत गेल्यावर तिचे तोंड फिरले. स्टॅनफर्डच्या टर्मन यांनी १९२१ पासून कॅलिफोर्नियातील दीड हजार अतिहुशार मुले चाचणी घेऊन निवडली आणि त्यांच्या आयुष्याचा कित्येक वर्षे पाठपुरावा केला. त्यांतली पुष्कळ मुले चांगल्या हुद्द्यांवर गेली, नोबेल पारितोषिक मात्र कोणालाच मिळाले नाही. ते मिळाले विल्यम शॉक्ले यांना १९५६ मध्ये आणि लुई अल्वारेझ यांना १९६८ मध्ये. या दोघांचीही लहानपणी टर्मन यांच्याकडे चाचणी झाली होती आणि दोघेही निवडीच्या रेषेखाली राहिले होते!

यावरून चाचण्या खोट्या ठरतात असे मी म्हणणार नाही. पण नवोदयची परीक्षा एका मुलाला आयुष्यात एकदाच देता येते. वय साधारण दहा ते बारा. त्या दिवशी ताप असेल, घरात मयत झालेली असेल, किंवा ते मूल उशिरा फुलणारे असेल, तर संपले. नववीत गळतीमुळे रिकाम्या झालेल्या जागांसाठी वेगळी परीक्षा असते खरी, पण त्या जागा थोड्या.

दुसरा प्रश्न भाषेचा. परीक्षा मराठीतून देता येते, उर्दूतूनही देता येते; मालेगावच्या दृष्टीने हे महत्त्वाचे. तरीही आपल्या जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. बागलाण-मालेगावकडे घरोघर अहिराणी, सुरगाणा-पेठकडे कोकणा आणि इतर आदिवासी बोली. ज्या घरात मुलीला ‘आंडेर’ म्हणतात त्या घरातल्या मुलाला उताऱ्यातले ‘कन्या’ आणि ‘तनया’ हे दोन्ही शब्द परकेच. उतारा वाचून प्रश्नांची उत्तरे द्यायची तर आधी प्रमाण मराठी ही जवळजवळ दुसरी भाषा म्हणून शिकावी लागते. ऐंशी प्रश्नांपैकी वीस या उताऱ्यांवर. अंकगणितातली शाब्दिक उदाहरणेही याच मराठीत.

आणि आत गेल्यावर? नवोदयचा नियम असा की, सातवी-आठवीपर्यंत प्रादेशिक भाषेतून शिकवावे. त्यापुढे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, सामाजिक शास्त्रे हिंदीतून. म्हणजे मराठी मुलाचा लसावि एका उन्हाळ्यानंतर एल.सी.एम. होतो. मावसभाऊ नववीत असताना दिवाळीला आला तेव्हा शेजारच्या मुलीला अपूर्णांक समजावत होता. मध्येच थांबला आणि मला म्हणाला, “ताई, छेद कोणता गं, वरचा का खालचा? आता मला डिनॉमिनेटरच आठवतो.” आम्ही हसलो. पण त्या मुलीला तो जे सांगू पाहत होता ते त्याला तिच्या भाषेत नीट सांगता आले नाही, हेही मी पाहिले. खेड्यातून हुशार मुले निवडली, त्यांना विज्ञान शिकवले आणि ते विज्ञान पुन्हा खेड्यात नेण्याची भाषाच त्यांच्याकडे उरली नाही, तर या व्यवहारात गावाला काय मिळाले? इतिहासाविषयीही तेच. सत्यशोधक चळवळीची भूमी म्हणवणाऱ्या महाराष्ट्रातल्या मुलाने जोतीरावांविषयी हिंदीत उत्तर लिहायचे, हे मला तरी चमत्कारिक वाटते. तामिळनाडूने नवोदय विद्यालये आपल्याकडे येऊच दिली नाहीत. त्यामागे हिंदीचा प्रश्न आहे. तो मार्ग आपण घ्यावा असे माझे म्हणणे नाही, कारण त्यात तेथील खेड्यांतल्या मुलांच्या हजारो जागा गेल्या.

या भाषाधोरणाला दुसरी बाजूही आहे आणि ती मला मनापासून आवडते. नववीत प्रत्येक विद्यालयातली सुमारे ३० टक्के मुले वर्षभरासाठी दुसऱ्या भाषेच्या प्रदेशात पाठवतात. मराठी मुले हिंदी मुलखातल्या विद्यालयात, तिकडची मुले इकडे. चौदा वर्षांचे पोर घरापासून हजार मैलांवर जाते, वेगळे अन्न खाते, वेगळ्या भाषेत भांडते आणि वर्षाने परत येते. तिकडून आलेली मुलेही येथे मराठी शिकतात. आपल्या महाविद्यालयाच्या सहलीत राष्ट्रीय एकात्मतेवर जेवढी भाषणे होतात त्यांपेक्षा या एका वर्षाने अधिक साधत असेल.

बाकी विद्यालयाचे जीवन म्हणजे घंटेचे जीवन. पहाटे कवायत, मग प्रार्थना, वर्ग, संध्याकाळी खेळ, रात्री शिक्षकांच्या देखरेखीखाली अभ्यास. मुलांची चार सदने असतात, अरवली, नीलगिरी, शिवालिक आणि उदयगिरी. देशभर हीच नावे. यात सह्याद्री नाही, याची हळहळ आमच्या भावाला सात वर्षे होती! जेवणाबद्दल तक्रार असते, ती कोणत्या वसतिगृहात नसते? पहिले दोन महिने मुले रडतात. काही परत येतात. जी टिकतात त्यांच्यात एक गोष्ट मी पाहिली आहे. ती कोणाला बुजत नाहीत. बँकेत, कचेरीत, अनोळखी शहरात सरळ जाऊन विचारतात. आमच्या गावात पिढ्यान्‌पिढ्या हे जमलेले नाही.

नवोदयला कोणी ‘विज्ञानशाळा’ म्हणत नाही. नियमात तसे कोठेच लिहिलेले नाही. तरीही दहावीनंतर ओढा विज्ञानाकडेच असतो. अभियांत्रिकी आणि वैद्यकीय प्रवेशपरीक्षा हेच ध्येय. मोहनीश पब्राई यांनी २००७ मध्ये सुरू केलेली दक्षणा ही संस्था नवोदयच्या निवडक मुलांची या परीक्षांसाठी विनामूल्य तयारी करून घेते. पुण्याजवळ तिचे केंद्र आहे. शेतमजुराची मुलगी आय.आय.टी.त जाते, ही गोष्ट लहान नव्हे आणि ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पदव्या आहेत त्याने तिला नाके मुरडू नयेत. माझा प्रश्न निराळा आहे. अकराव्या वर्षी ‘बुद्धी’ म्हणून जे निवडले ते अठराव्या वर्षी फक्त दोनच दरवाज्यांतून का बाहेर पडावे?

जगात ज्या उघडउघड विज्ञानाच्याच शाळा आहेत तेथेही एवढी अरुंद वाट नाही. न्यूयॉर्क शहराची ब्रॉन्क्स येथील विज्ञानशाळा १९३८ मध्ये निघाली. सरकारी, फी नाही, प्रवेश परीक्षेने. तिच्या माजी विद्यार्थ्यांपैकी सात जणांना भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. पण त्याच शाळेतून ई. एल. डॉक्टरो हा कादंबरीकारही निघाला आणि त्याचे पहिले लेखन छापले ते शाळेच्या नियतकालिकात. (आपल्या संपादक मंडळाने याची नोंद घ्यावी.) सोव्हिएत रशियात कोल्मोगोरोव्ह या थोर गणितज्ञाने १९६३ मध्ये मॉस्कोत निवासी शाळा काढण्यात पुढाकार घेतला, तीही खेड्यापाड्यांतल्या आणि लहान गावांतल्या मुलांसाठी, आपल्या नवोदयची ती थोरली बहीणच म्हणा. हा गणितज्ञ मुलांना गणित शिकवी, त्यांना घेऊन दूरवर पायी फिरायला जाई आणि संगीत व कविता यांवरही त्यांच्याशी बोले. कवितेच्या छंदांचा गणिती अभ्यास त्याने स्वतः केला होता.

ब्रॉन्क्सची आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. ग्लॅशो आणि वाइनबर्ग हे त्या शाळेत एकाच वर्गात होते; दोघेही १९५० मध्ये तेथून बाहेर पडले. १९७९ चे भौतिकशास्त्राचे नोबेल या दोघांना मिळाले, पण वाटून. तिसरा वाटेकरी होता अब्दुस सलाम, पंजाबातील झंग या लहानशा गावात साध्या शाळेत शिकलेला. खास शाळा चालते हे जितके खरे, तितकेच तिच्यावाचूनही चालते हे या एका पारितोषिकात एकाच वेळी दिसले.

आपल्याकडे हुशारी म्हणजे विज्ञान हे समीकरण सरकारी कागदावरही होते. १९६३ मध्ये दिल्लीत दहा शिष्यवृत्त्यांनी सुरू झालेली आणि पुढल्या वर्षी देशभर पसरलेली प्रज्ञाशोध योजना केवळ विज्ञानासाठी होती. मूलभूत विज्ञानात पुढे शिकणाऱ्यालाच शिष्यवृत्ती मिळे. १९७७ मध्ये तिच्या नावातून ‘विज्ञान’ गेले आणि सामाजिक शास्त्रांकडे वळणाऱ्यांनाही दार उघडले. म्हणजे इतिहास किंवा अर्थशास्त्र शिकणाऱ्यालाही प्रज्ञा असू शकते, हे मान्य व्हायला चौदा वर्षे लागली. घरोघर ते अद्याप मान्य झालेले नाही. दहावीला ८८ टक्के मिळूनही मी कला शाखा घेतली तेव्हा ‘काही अडचण होती का?’ असे मला कितीतरी जणांनी सहानुभूतीने विचारले आहे.

शोधण्यापेक्षा वाढवण्यावर भर देणारा एक प्रयोग महाराष्ट्रात झाला, तो फारसा कोणाला ठाऊक नाही. मुंबईचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ मध्ये स्थापन झाले. त्याचे पहिले प्रमुख डॉ. व्ही. जी. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी यांनी मुंबई महापालिकेच्या शाळांतील दलित वस्त्यांमधली मुले घेतली आणि नियमित वर्गाबाहेर त्यांच्याबरोबर काम केले. पुढे त्यांची शालेय प्रगती लक्षणीय वाढली. त्याच केंद्राने विज्ञानाच्या पुस्तकांची भाषा सोपी करून पाहिली. विषय तोच, आशय तोच, फक्त वाक्ये मुलांना कळतील अशी. आणि मुलांचे विज्ञान सुधारले. अडचण बुद्धीत कमी आणि वाक्यात जास्त होती. जळगाव जिल्ह्यातील खिरोद्याला, मधुकरराव चौधरींच्या गावी, याच केंद्राने ग्रामीण शाळांतील शिक्षकांबरोबरही काम केले. विज्ञान शिकवण्याच्या प्रश्नाचे एक उत्तर असे भाषेच्या विद्यार्थ्यांच्या अंगणात येऊन पडते. सोपे, नेमके मराठी वाक्य लिहिणे हे आपले काम आहे, रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांचे एकट्याचे नव्हे.

खेडगाव बंद करा असे मी कधीच म्हणणार नाही. आमच्या घरात तिथून एक मुलगा शिकून निघाला आहे आणि त्याचे चांगले चालले आहे. उलट त्या ८० जागांसाठी फॉर्म भरणारी मुले सगळ्या तालुक्यांतून यावीत एवढे तरी आपल्या हातात आहे. फॉर्म आता संगणकावरूनच भरावा लागतो. त्याला पैसे पडत नाहीत. मुलाचा फोटो, मुलाची आणि पालकांची सही, आणि मुख्याध्यापकांनी सही-शिक्का मारलेले प्रमाणपत्र, एवढे कागद लागतात. मूल पाचवीत आपल्याच जिल्ह्यात शिकत असले पाहिजे. सुरगाण्याच्या आतल्या पाड्यांवर मोबाईलला टेकडीवर चढल्याशिवाय रेंज येत नाही आणि सायबर कॅफे तालुक्याला असतो. तेथल्या बापाची एक दिवसाची मजुरी या फॉर्मपायी जाते. आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर अशाच एखाद्या गावी भरते. पावसाळ्यात फॉर्म सुटले की दोन जणांनी एक लॅपटॉप घेऊन आधीच तिकडे जाऊन यावे असा प्रस्ताव मी आमच्या गटात मांडला आहे. दोघींनी नावे दिली आहेत, तिसरा अजून आईला विचारतो आहे.